गेनूतात्यांची किल्लीची बॅटरी

गेनूतात्या माझ्या दुकानात आले की स्टुलावर बसायचे, खांद्यावरची घोंगडी सोडायचे आणि डोक्यावरून पार गुडघ्यांपर्यंत ओढून घ्यायचे. भर दुपारची वेळ, समोर नारायणगावचा एसटी स्टँड, रस्त्यावर टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न, आणि माझ्या काउंटरला टेकून हा काळा ढीग. मग ढिगातून आवाज यायचा, "भाऊ, या आत."

आत म्हणजे घोंगडीत. सुरुवातीला मी टाळाटाळ केली, पण तात्या उठायचेच नाहीत. शेवटी मी काउंटरला वळसा घालून आत शिरायचो. तिथे तात्या अंगठ्याएवढी बॅटरी पेटवून एसटीच्या तिकिटावर धरून बसलेले असायचे.

"वाचा."

"राजुरी ते नारायणगाव."

"त्ये मलाबी ठावं हाय. बारीक आकडा वाचा."

एकदा एक बाई घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या. घोंगडीखालून बाहेर आलेले चार पाय त्यांनी पाहिले आणि आल्या पावली परत गेल्या. पुन्हा त्या कधी माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

माझं दुकान घड्याळदुरुस्तीचं. मोबाइल आले आणि लोकांनी मनगटावर बघायचं सोडलं, तेव्हा पोटासाठी मी रिमोट, सेल असलं काहीबाही ठेवायला लागलो. त्यातच या किल्लीला अडकवायच्या बॅटऱ्या होत्या, घड्याळातल्यासारख्या चपट्या सेलवर चालणाऱ्या. कोणी माशाच्या आकाराची घ्यायचं, कोणी लाल ठिपका पाडणारी. पोरंसोरं दोन मिनिटांत पसंत करून जायची. तात्यांना चार महिने लागले.

तात्या आमच्याच राजुरीचे. मेंढरं त्यांच्या वडिलांनीच विकली आणि शेतीला लागले, पण घोंगडी काही सुटली नाही. माणूस गरीब गाईसारखा, पण बॅटरीच्या बाबतीत महाचिकट. "उजेड सगळ्यांचाच पडतो, भाऊ. कवर पडतो त्ये बगायचं," हे ते मला दर आठवड्याला ऐकवायचे, जणू मी पहिल्यांदाच ऐकतोय.

दुकानातली परीक्षा नुसती तोंडी. खरी परीक्षा घरी व्हायची. पाण्याच्या टाकीवरून बॅटरी फरशीवर टाकायची. रात्रभर कळशीत बुडवून ठेवायची. मग शेणाने भरलेल्या हातांनी बटण दाबून बघायचं, तेही एका हाताने, दुसऱ्या हातात भरलेली बादली धरून. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती शेणासकट माझ्या काचेच्या काउंटरवर यायची. "ही नापास." काच पुसायचं काम माझ्याकडे.

शेवटी वैतागून मी पुण्याहून एक धातूची, चकचकीत बॅटरी मागवली. तात्यांनी ती आठ दिवस छळली. परत आले तेव्हा चेहरा पडलेला.

"फुटली का?"

"न्हाई वो. लई चांगली हाय."

"मग?"

"तीच तर अडचण हाय. इतकी देखनी. ऱ्हाईल का तिच्याकडं?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यांची एकुलती एक लेक मंगल, दोन वर्षांपूर्वी निरगुडसरला दिलेली. सासरच्या मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत उसाची वाट, आणि पहाटेच्या धारा काढायला ती एकटी जाते. त्या वर्षांत आमच्याकडे उसात बिबट्याची बिऱ्हाडं होती, आम्ही त्याला वाघच म्हणतो. मंगलने हे फक्त आईला सांगितलं होतं, दिवाळीला आली तेव्हा, भाकरी थापता थापता.

तात्यांनी तीन सेलची मोठी बॅटरी दिली. ती दिराने विहिरीवर मोटर चालू करायला नेली. संक्रांतीला चार्जिंगची दिली, ती सासऱ्यांच्या उशाला गेली.

"मानसं वाईट न्हाईत, भाऊ," तात्या म्हणाले. "चांगली वस्तू घराची व्हती, येवढंच. मला अशी पायजे, जी कुनालाच नको वाटंल. पर मोडायची न्हाई. मोडली तर ती दुसरी मागनार न्हाई, मी वळखतो तिला."

मग मीही इरेला पेटलो. खोक्याच्या तळातून एक निघाली. शेवाळी हिरवी, प्लास्टिकची, एका अंगाला साचा घसरून गाठ आलेली. दहा रुपयांचा माल, वर्षभर कोणी हात लावला नव्हता. टाकी, कळशी, शेण, सगळ्यांतून ती पास झाली. तात्या तिच्याकडे बघून इतके खूश झाले की मला म्हणाले, "काय भंगार दिसतीया वो!"

द्यायला जाताना त्यांनी मलाच माझी गाडी काढायला लावली. आमच्याकडे जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. तात्या ते इतकं कडक पाळायचे की ओट्याच्या आत पाऊलही टाकत नसत. मी चहा प्यायलो, ते बाटलीतलं पाणी पीत बसले.

मंगल हात पुशीत बाहेर आली. तात्यांनी सगळ्यांसमोर ती तिच्या हातावर ठेवली.

"आवं, ह्ये काय? जत्रंतली का?" विहीणबाई हसल्या.

दिराने ती घेऊन भर उन्हात पेटवली. काय दिसणार? "राव, ह्येचा काय उजेड," म्हणत त्याने ती वहिनीच्या हातात परत दिली. तात्यांनी चेहरा पाडला, अगदी व्यवस्थित पाडला. मंगलने ओंजळ करून आत डोकावलं.

"पेटतीया, तात्या," ती म्हणाली आणि मंगळसूत्राच्या पिनेत अडकवली. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला उगाचच भरून आलं. जिंकलो होतो आम्ही.

निघताना तात्या मला म्हणाले, "जरा गोठा बगून येऊ." मंगल पुढे झाली. आम्ही घराला बाहेरून वळसा घालून मागच्या दाराशी आलो. तिथून तात्या पावलं मोजत गोठ्यापर्यंत गेले. बासष्ट. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर ऊस, पात्यांनी वाट झाकलेली. तात्यांनी तिला हळूच विचारलं, "भ्या वाटतं का गं?" ती म्हणाली, "न्हाई. सवं झाली."

परतीच्या वाटेवर तात्यांनी मला गाडी थांबवायला लावली. उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"ल्हान व्हती तवा आंधाराला लई भ्यायची," ते म्हणाले. "माझा सदरा धरून चालायची."

"तात्या, आता बॅटरी आहे ना तिच्याजवळ."

"हाय की." त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "भाऊ, ह्या धा रुपयाच्या बॅटरीला मी चार महिनं घातलं. आपटली, बुडवली, शेनात घातली. आन् पोरीचं घर एका सकाळी ठरावलं. ओट्यावर बसलो, इवायानं हात करून ऊस दावला. म्या म्हनलो, बागायत हाय, पोरगी सुखात पडली. उठून बासष्ट पावलं गेलो न्हाई."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मला माझी धाकटी बहीण आठवत होती. तिचं स्थळ बघायला मीच गेलो होतो. पोहे चांगले होते आणि मीही ओट्यावरूनच परत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी आधी ते खोकं उपसलं. तसली हिरवी आणखी एक होती. ती मी कळशीत टाकली.