रणपिसेकाकांचं निलंबन खातं

रणपिसेकाका क्रिकेटचा सामना बघता बघता मध्येच उठतात, खुर्ची उलटी फिरवतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही कर्वेनगरच्या या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. चावीवाल्याचा नंबर विचारायला म्हणून मी समोरच्या फ्लॅटमध्ये डोकावले. टीव्ही मोठ्याने चालू होता आणि एक उंच, ताठ गृहस्थ त्याच्याकडे पाठ करून कॅलेंडर बघत बसले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना कमी दिसत असावं.

"काका, टीव्ही इकडे आहे."

"माहितीये. मीच घेतलाय. तो आउट झाला की सांगा."

"कोण?"

"आत्ता खेळतोय तो. निलंबित आहे."

"अहो, पण खेळतोय ना?"

"त्यांच्याकडे खेळतोय. माझ्याकडे निलंबित आहे."

प्रकरण असं होतं की त्या फलंदाजाने कुठल्याशा हॉटेलात एका माणसाला बेदम मारलं होतं. त्याच्या मंडळाने त्याला दोन सामने घरी बसवलं. काकांना ते फार कमी वाटलं. "दोन सामने! आमच्या वाचनालयात पुस्तक उशिरा दिलं तरी याहून जास्त ऐकून घ्यावं लागतं." म्हणून त्यांनी आपल्या अधिकारात उरलेली शिक्षा वाढवून दिली होती. अधिकार म्हणजे खुर्ची.

सुधाकर रणपिसे खडकीला नोकरी करून निवृत्त झाले होते. सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा महेश नागपूरला असतो, एवढं मला कळलं होतं. घरच्यांबद्दल ते यापलीकडे बोलत नसत. बाकी कशावरही बोलत.

विशेषतः खेळाडूंच्या गुन्ह्यांवर. जगाच्या पाठीवर कुठल्याही खेळाडूने काही भानगड केली की दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना मला ती कळायची. त्यात त्यांना चघळायचं नसायचं, खरोखरचं कुतूहल असायचं. शिक्षा कोणी द्यावी? किती द्यावी? पगार कापावा की खेळ बंद करावा? फुटबॉलवाले काय करतात? "गंमत बघा मॅडम," ते म्हणायचे, "चेंडू घासला तर बंदी. गोळी खाल्ली तर बंदी. आणि बायकोचा हात मोडला तर ती खेळाडूची वैयक्तिक बाब!"

हे 'वैयक्तिक बाब' त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते कुठेही निघायचं. लिफ्ट बंद पडली की, "वैयक्तिक बाब असेल तिची." पाणी आलं नाही की, "टाकीची वैयक्तिक बाब आहे, आपण बोलू नये."

एकदा मी गेले तर खुर्ची धड टीव्हीकडे नाही, धड भिंतीकडे नाही. काका मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून सामना बघत होते.

"हे काय आता?"

"याच्यावर नुसता आरोप आहे. सिद्ध झालेलं नाही. म्हणून काटकोन."

"मान दुखत नाही?"

"दुखते ना. पण उद्या निर्दोष सुटला तर? निदान त्याचे चौकार तरी बघितलेले हवेत."

हा न्याय टीव्हीपुरता असता तर ठीक होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने एकदा गिऱ्हाइकांसमोर आपल्या म्हाताऱ्या आईला वाट्टेल ते बोललेलं काकांनी ऐकलं. झालं, बेकरीवाला तीन महिने निलंबित. काका पार डेक्कनवरून पाव आणू लागले.

"त्याला माहितीये का, तो निलंबित आहे ते?" मी विचारलं.

"त्याला कशाला माहीत हवं? पाव मी खातो."

मुदत संपली त्या सकाळी मी योगायोगाने बेकरीतच होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, बेकरीवाल्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "संपली बरं का तुमची. आता नीट राहा." आणि ब्रेड घेऊन गेले. बेकरीवाला माझ्याकडे बघत राहिला. "काय संपली, ताई?" मी म्हटलं, "वैयक्तिक बाब आहे."

मुदतीच्या बाबतीत मात्र ते फार काटेकोर. शिक्षेला शेवट हवाच. "तारीख नसलेल्या शिक्षेला शिक्षा म्हणत नाहीत. तो नुसता राग असतो," असं म्हणताना त्यांचा चेष्टेचा सूर जायचा. ते का, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग आमच्या पार्किंगमध्ये ते प्रकरण घडलं.

आमच्या भागातल्या सोसायट्यांची दर हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असते. आमच्या संघाचा कप्तान माझा नवरा अजित, आणि हुकमी एक्का सी विंगचा कुणाल. आयटीतला, पस्तिशीचा, देखणा मुलगा. त्याने षटकार मारला की मागच्या मैदानातला आरडाओरडा चारही विंगमध्ये ऐकू यायचा. एका संध्याकाळी त्याच्या गाडीमागे बी विंगच्या मोरेबाईंनी स्कूटर लावली. शुभांगी मोरे शाळेत शिक्षिका आहेत, घरी त्या आणि त्यांची आई. शब्दाला शब्द लागला, कुणालने त्यांना ढकललं, त्या स्कूटरवर पडल्या आणि मनगट मोडलं. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. पोलिसांत तक्रार झाली.

स्पर्धा तोंडावर आली होती. क्लबहाउसमध्ये बैठक बसली.

"केस चालू आहे," अजित म्हणाला. "कोर्ट काय ते बघेल. आपण शिक्षा देणारे कोण? आणि खेळाचा काय संबंध?"

"मी तर म्हणतो कायमचा काढा त्याला," दुसरे एक सभासद म्हणाले. "संघातून, ग्रुपमधून, सगळीकडून!"

काका मागच्या रांगेत बसले होते. ते उभे राहिले.

"त्याला तुरुंगात टाकायचं की नाही ते कोर्ट बघेल. त्याला आपला शर्ट घालायला द्यायचा की नाही, हे कोर्टाला कशाला विचारायचं? शर्ट आपला आहे." मग दुसऱ्या सभासदांकडे वळले. "आणि अहो, कायमचं म्हणजे किती? तो तीस वर्षं इथे राहणार आहे. तीस वर्षं लिफ्टमध्ये भिंतीकडे बघणार का तुम्ही?"

मला हसू आलं, पण काका गंभीर होते.

"मोरे मॅडमना कोणी विचारलं?"

कोणी विचारलं नव्हतं. मी समितीत होते, मीही नाही. दुसऱ्या दिवशी काका आणि मी त्यांच्याकडे गेलो. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या.

"काय शिक्षा द्यायची ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "माझ्यावर नका टाकू. उद्या सगळे म्हणतील, बाईमुळे कप गेला." थोडं थांबून त्यांनी मागच्या बाजूच्या खिडकीकडे बघितलं. "रविवारी सराव होता. खाली सगळे त्याच्या नावाने ओरडत होते. शिट्ट्या काय, टाळ्या काय. मी इथे आईकडून वेणी घालून घेत होते. आईने उठून खिडकी लावली. बाकी काही नाही."

संध्याकाळी काकांनी समितीपुढे निवाडा मांडला. कुणाल या मोसमात खेळणार नाही. त्याने मोरेबाईंच्या दारात जाऊन माफी मागायची, त्यांनी ती घ्यावी असा आग्रह धरायचा नाही. मोसम संपला की बंदी संपली, मग कोणी तो विषय त्याच्यापुढे काढायचा नाही. कोर्टाचं कोर्ट बघेल. मतं घेतली. मी काकांच्या बाजूने हात वर केला, तेव्हा अजितने माझ्याकडे असं बघितलं की त्या रात्री आमच्याकडे फार कमी बोलणं झालं.

कुणाल तणतणत काकांच्या दारात आला. मी माझ्या दारातून ऐकत होते, उगाच खोटं कशाला सांगू?

"काका, चुकलं माझं, मी नाही म्हणत नाही. पण क्रिकेटचा काय संबंध?"

"तुझ्या टाळ्या तिच्या खिडकीपर्यंत जातात. तेवढाच संबंध."

कुणाल पाय आपटत परत गेला. मोरेबाईंकडे मात्र तो त्याच आठवड्यात जाऊन आला. त्यांनी दारातच ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि दार लावलं.

गंमत म्हणजे आमचा संघ कुणालशिवाय अडखळत का होईना, अंतिम सामन्यात पोचला. रविवारची सकाळ, सगळी सोसायटी मैदानावर. काका तेवढे दिसेनात. क्रिकेटसाठी जेवण विसरणारा माणूस! दुसऱ्याच षटकात आमच्या एकाचा गुडघा फुटला, आणि औषधाची पेटी आणायला मला परत यावं लागलं. पेटी सी विंगच्या तळमजल्यावर, कुणालच्या दारासमोरच्या कपाटात असते.

कुणालचं दार उघडं होतं. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, लोकांच्या नजरा चुकवायला. आत सोफ्यावर कुणाल आणि शेजारी रणपिसेकाका. दोघांच्या हातात पोह्यांच्या बश्या होत्या. पोहे काकांनी करून आणले होते, हे कुणालच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मैदानावरून गलका आला तसा कुणालने घास थांबवला. चौकार की विकेट, कळायला मार्ग नव्हता.

"काका, फायनल आहे!" मी म्हणाले. "तुम्ही इथे काय करताय?"

"आपण बसवलंय ना त्याला," काका म्हणाले. "मग सोबत कोणी बसायला नको?"

कुणालने मान खाली घातली आणि ते पोहे मुकाट्याने संपवले.

आम्ही तो सामना हरलो. अजित दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलला. मोसम संपल्यावर बंदी उठली. कुणालने रविवारचा सराव बदलून शनिवारी सकाळी घेतला, मोरेबाई शाळेत असतात तेव्हा. कोणी सांगितलं नव्हतं. केस अजून चालू आहे.

त्यानंतर एका दुपारी मी काकांकडे बसले होते. टीव्ही बंद होता. मी सहज विचारलं, "काका, हे सगळं तुम्हाला सुचतं कसं? आपण बसवलं, मग आपणच बसायचं वगैरे?"

त्यांनी चहाचा कप उचलला.

"महेश कबड्डी खेळायचा," ते म्हणाले. "जिल्ह्याकडून. चढाईला गेला की समोरचे मागे सरकायचे, असा. एकदा भर रस्त्यात एका रिक्षावाल्याला मारलं त्याने. दात पाडले. संघटनेने बसवला. योग्यच होतं ते, मीच म्हटलं होतं, बसवा. आदेशात लिहिलं होतं, 'पुढील आदेशापर्यंत'."

"मग?"

"मग काय? पुढील आदेश निघालाच नाही. कोणाच्या लक्षातच राहिलं नाही हो. तो मात्र रोज पहाटे उठून पळायला जायचा. एक मोसम गेला, दुसरा गेला. मी त्याच संघटनेत पंच. एकदा विचारलं असतं तर झालं असतं. पण लोक म्हणतील, बापाने मुलासाठी शब्द टाकला. म्हणून मी गप्प. मग एक दिवस तो पहाटे उठलाच नाही. नागपूरला नोकरी घेतली आणि गेला. फोन करतो. तिकडे ऊन किती, इकडे पाऊस किती, एवढं बोलतो."

काकांनी कप खाली ठेवला आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, नागपूरच्या गाडीचं तिकीट यावर कसं काढतात? मला ते जमत नाही."

मी तारीख विचारली. कुठलीही चालेल, म्हणाले. मी खिडकीजवळची जागा बघत होते, तेवढ्यात ते पुन्हा म्हणाले, "आधी कळवू का त्याला? की नुसतं जाऊन उभा राहू?"

"कळवा ना. आनंद होईल त्याला."

सगळ्या जगाला शिक्षा सुनावणारा तो ताठ माणूस खुर्चीत जरा पुढे सरकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "नको येऊ म्हणाला तर?"