मुंजाजींनी टी.सी. लॅमिनेट केली

"माय, माझी टी.सी. कुठाय?"

करुणाने अख्खी फाइल गादीवर पालथी केली होती. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या यादीत तिचं नाव लागलं होतं, तेही सगळ्यात खाली, बसच्या दारात एका पायावर लटकल्यासारखं. उद्या दुपारी चारच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन विद्यापीठात हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. गुणपत्रकं होती, जातीचा दाखला होता, व्हॅलिडिटी होती. कॉलेज सोडल्याचा दाखला, ती टी.सी. तेवढी नव्हती.

"मी नेली व्हती सकाळी," दारात चपला काढत मुंजाजी म्हणाले. "हे घे!"

त्यांनी पिशवीतून टी.सी. काढली आणि ती चमकली. करुणाला तिच्यात आधी छताचा पंखा दिसला, मग स्वतःचा पडलेला चेहरा, आणि त्याच्याखाली प्राचार्यांची सही.

"बाबा... तुमी लॅमिनेशन केलं?"

"दोन्ही बाजूनं! जाडवालं. आता पाण्यात बुडव न्हाईतर चहा सांड, काई होत न्हाई."

मुंजाजी सेनगावच्या पंचायत समितीत शिपाई. चोवीस वर्षं कागदांचे हाल पाहिलेला माणूस. घरात उघडा कागद दिसला की त्यांना चैन पडत नसे. रेशनकार्डापासून मिक्सरच्या गॅरंटीपर्यंत सगळं प्लॅस्टिकमध्ये होतं. करुणाने पहिलीत काढलेला पाच पायांचा हत्तीसुद्धा.

करुणाने मोबाईल समोर धरला. तिने वाचलं, "सूचना क्रमांक नऊ. लॅमिनेशन केलेली मूळ कागदपत्रे स्वीकारली जाणार नाहीत."

मुंजाजी खाटेवर बसले. "पुन्यांदा वाच."

तिने पुन्हा वाचलं. नववी सूचना काही बदलली नाही.

बापलेक धावतच पुनमचंदच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. "काढून द्या," मुंजाजी म्हणाले.

"मुंजाजीभाऊ, ही मशीन आत घालायची हाय. बाहेर काढायची अजून निघाली न्हाई," पुनमचंद म्हणाला. करुणाचे डोळे भरलेले पाहून तो जरा वरमला. "इस्त्री फिरवून पाहा. सुटलं तर सुटलं. जळलं तर माझं नाव घेऊ नका."

घरी करुणाच्या आईने, पद्माबाईंनी, इस्त्री तापवली, टी.सी.वर रुमाल टाकला. इस्त्री फिरू लागली. खालचा डावा कोपरा सुटला. आधी बोटभर, मग चांगला तळहाताएवढा. मुंजाजींना हुरूप आला. त्यांनी जरा जोरात ओढलं, आणि प्लॅस्टिकबरोबर प्राचार्यांची निळी सही उठायला लागली.

"अवं थांबा!" पद्माबाई ओरडल्या. "सही चालली!"

सहीचं डोकं कागदाला, शेपूट प्लॅस्टिकला. आता ती टी.सी. लॅमिनेट केलेलीही होती आणि खराबही झालेली होती. करुणा भिंतीला टेकली. तीन वर्षं पहाटेची जीप पकडून हिंगोलीला गेले, ते सगळं एका रुमालाखाली वाफ होऊन गेलं, असं तिला वाटलं.

"डुप्लिकेट काढू," मुंजाजी म्हणाले. "पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार द्यायची, बस."

ठाण्यात मोहनसिंग जमादारांनी वही उघडली. "काय हरवलं?"

"टी.सी., साहेब."

"कशी व्हती?"

जन्मात खोटं न बोललेल्या मुंजाजींचा हात आपोआप पिशवीत गेला. टी.सी. काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "अशी."

मोहनसिंगांनी टी.सी.कडे पाहिलं, मग मुंजाजींकडे. "हीच हरवली?"

"व्हय साहेब. म्हणजे... आत हाय."

"मग सापडली," मोहनसिंगांनी वही मिटली. "चला."

बाहेर आल्यावर करुणा रडकुंडीला आली. "बाबा, पिशवी घरी तरी ठेवायची ना!"

"अन् घरी हरवली असती म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने दोघं विद्यापीठात पोचले. खिडकीसमोरच्या रांगेत करुणाच्या पुढे औंढ्याची कोमल आणि तिचे वडील ग्यानबा. खिडकीच्या आत कागद तपासणाऱ्या कारकून सुमनबाई. कोमलने टी.सी. सरकवली तशी ती चमकली. करुणाने बाबांकडे पाहिलं.

सुमनबाईंनी शिक्का मारला. 'प्रवेश दिला'ची शाई प्लॅस्टिकवरून ओघळली. फडक्याने पुसून त्यांनी टी.सी. परत केली. "सकाळपासून ही सातवी. तुम्ही सगळ्या बापांनी मिळून ठरवलंय का? नियम माझ्या हौसेनं नाही केला, शिक्का बसत नाही. बाजूला व्हा. पुढचे!"

करुणा मागे सरकली. मुंजाजींनीच टी.सी. आत सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

सुमनबाईंनी ती उलटसुलट केली. खालच्या डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिक सुटून पांढराशुभ्र कागद उघडा पडला होता. त्यांनी तिथे शिक्का ठेवला आणि दाबला. ठप्प! शिक्का बसला.

"मॅडम, पण सही..." करुणा चाचरत म्हणाली.

"तुमच्या प्राचार्यांची सही अशीच असते. आम्ही आजवर पूर्ण कधी पाहिली नाही." त्यांनी पावती पुढे केली. "वर्ग सोमवारपासून. पुढचे!"

करुणा पावती छातीशी धरून खांबाला टेकली. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती आधी बाटलीभर पाणी प्यायली. मग पाहिलं तर बाबा नाहीत!

मुंजाजी फाटकासमोरच्या लाँड्रीत सापडले. ग्यानबांसह सात बाप आपापली चकचकीत टी.सी. घेऊन त्यांच्याभोवती उभे होते. घड्याळात अडीच वाजले होते, इस्त्री तापली होती, आणि मुंजाजी मोठ्या साहेबासारखे बोट रोखून सांगत होते, "घाई न्हाई करायची. डाव्या कोपऱ्यातून धरा. अन् सहीच्या दोन बोटं अलीकडं थांबा, हे मी सोताच्या अनुभवानं सांगून राहिलो!"