झिपरूअण्णांची हिंगाची बिअर

एका जंगलात झिपरूअण्णा नावाचं अस्वल राहत असे. ओढ्याकाठी त्यांचं बिअरचं दुकान होतं. बिअर म्हणजे, बाळांनो, जवाचं कडू पाणी. मोठी माणसं औषध घेताना तोंड वाकडं करतात आणि हे मात्र हौसेनं पितात. का, ते विचारू नका. रागावतात.

अण्णांकडे एकच बिअर मिळे आणि सोबत खारे वेफर्स. संध्याकाळ झाली की जनावरं येत, पीत, कुरुमकुरुम चावत आणि घरी जात. कौतुक कुणीच करत नसे. अण्णांना ते फार सलायचं. हाताला फोड येईस्तोवर बटाटे किसायचे आणि चांगला शब्द एकाच्याही तोंडून नाही.

एके दिवशी शशांक ससा आला. तो शहरातल्या प्राणिसंग्रहालयात नोकरी करून परतला होता.

"अण्णा, तेच तेच काय देता? काहीतरी वेगळं करा की."

अण्णा इरेला पेटले. आठवडाभर खपून त्यांनी हिंगाची बिअर केली. जोडीला कारलं-गुलकंद वेफर्स.

सशाने घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कान खाली पडले. पण समोर अण्णा आशेनं बघत उभे होते. अशा वेळी कुठलाही सभ्य प्राणी जे म्हणतो, तेच तो म्हणाला.

"वा. वेगळी आहे हं चव."

"खरंच वेगळी," साळिंदर म्हणालं. हरिणीने नुसती मान हलवली. वेफर गिळायचा राहिला होता.

अण्णांना आभाळ ठेंगणं झालं. मग सुकटीची बिअर आली, शेपूची आली, लसूण-श्रीखंड वेफर्स आले. दरवेळी सगळे म्हणत, "वेगळं आहे." आणि दरवेळी गिऱ्हाइकं कमी होत. महिन्याभरात दुकानात फक्त एक माशी येऊ लागली, तीही पाण्याच्या माठावर बसायची.

"सगळ्यांना एवढं आवडतं, मग येत का नाहीत?" अण्णा बायकोला म्हणाले. "असंच चाललं तर दुकान बंद करावं लागेल."

जांभळीबाई डाळ निवडत होत्या. "अहो, लग्नानंतर मी पहिल्यांदा आमटी केली, तेव्हा काय म्हणालात आठवतंय?"

"वेगळी झालीय म्हणालो."

"आणि मग?"

"मग महिनाभर आईकडे जेवायला..."

अण्णा मधेच थांबले. त्यांना रडू कोसळलं. बाईंनी त्यांना पोटभर रडू दिलं, मग पुसायला पदर दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सगळी पिंपं ओढ्यात रिकामी केली. ओढ्यातले मासे त्याच दिवशी नातेवाइकांकडे निघून गेले. अण्णांनी पुन्हा जुनी बिअर केली, खारे वेफर्स तळले. पण कुणी फिरकेना. दुकानावरून जाताना सगळे मान खाली घालून लगबगीने चालत. साळिंदराला तर रोजच उपास असे.

शेवटी जांभळीबाईंनी खडू घेतला आणि पाटीवर लिहिलं : 'जवाच्या स्वादाची बिअर. बटाट्याच्या स्वादाचे वेफर्स.'

"अगं, पण बिअर जवाचीच असते," अण्णा म्हणाले.

"ते तुम्हाला माहीत आहे. गप्प उभे राहा."

ससा पाटी वाचून थबकला. बिचकत आत आला. एक घोट घेतला, एक वेफर खाल्ला, आणि त्याचे कान ताठ उभे राहिले.

"अण्णा, बटाट्याचा स्वाद अगदी खऱ्यासारखा उतरलाय. कसं जमवलंत?"

अण्णा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"आमच्या घराण्याचं गुपित आहे ते," त्या म्हणाल्या.

सशाने चार ग्लास रिचवले. संध्याकाळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. साळिंदराने उपास सोडला. अण्णा किसणी घेऊन बसले ते उठलेच नाहीत, आणि बटाटे किसता किसता त्यांना इतका आनंद झाला की त्यांचं बोटही किसलं गेलं.

तात्पर्य : बाळांनो, साधेपणासारखं सुख नाही. मात्र ते साधं आहे, हे गिऱ्हाइकाला कळू देऊ नये.