अडलेल्या लोडचे धागेदोरे

"माझ्यासारखा माणूस शतकातून एकदाच जन्मतो, आणि मग त्या शतकालाही विश्रांती लागते," मामा खुर्चीत रेलून म्हणाले. "गुन्हेगार माझं नुसतं नाव ऐकून थरथरतात."

"त्यांना तुमचं नाव कळणार कसं? तुम्ही औषधांच्या गोदामात कॉम्प्युटर सांभाळता," भाची म्हणाली.

"गुप्तहेर आहे. कळलं तर गुप्त कसलं?"

भाची त्यांच्याच हाताखाली नोकरीला होती. इतरांना कुणाला तरी मामा बनवावं लागतं, हिला तयार मिळाला होता.

त्या दिवशी मात्र गंमत करायची वेळ नव्हती. दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या ऑर्डरी रोज सकाळी कॉम्प्युटरवर गोदामाच्या साठ्याच्या नोंदीत उतरवल्या जात. या कामाला सगळे लोड म्हणत, आणि तो चहा निवायच्या आत आटपायचा. आज तो मध्येच गप्प झाला होता. ड्रायव्हर बाहेर पायऱ्यांवर बसले होते. मुलांच्या दवाखान्यातून इन्सुलिनसाठी फोनावर फोन येत होते. वर साहेबांनी बजावलं होतं, "जेवणाआधी गाड्या निघाल्या नाहीत, तर उद्यापासून मामा खोक्यांना चिकटपट्टी लावतील." मामांची कंबर भाचीला ठाऊक होती. ते वाकले असते, पण पुन्हा सरळ झाले नसते.

"हे काम करतं कोण?" मामांनी भिंग काढलं.

"थ्रेड. म्हणजे धागे. एक ऑर्डरी वाचतो, मधला त्या नीटनेटक्या करतो, तिसरा साठ्यात लिहितो. वर एक मुकादम धागा. तो सगळ्यांना कामाला लावतो आणि सगळे आटपेपर्यंत थांबतो."

"धागे म्हणजे धागेदोरे आलेच. अर्धी केस सुटली." मामांनी भिंग पडद्याला टेकवलं. "हा वाचणारा बघ. हातपाय गाळून बसलाय. कामचुकार."

"त्याने वाचलेल्या ऑर्डरी ठेवायला जागा उरली नाही. पुढचे उचलतील तेव्हा हा वाचेल."

"मग मधला. मधल्या माणसावर माझा आधीपासूनच डोळा आहे. व्यवहार कुठलाही असो, खातो मधलाच." आणि भाची हो-नाही म्हणायच्या आत मामांनी त्या मधल्यावर पाळत ठेवायला आणखी मधले नेमले. कॉम्प्युटरचा पंखा घोंघावू लागला. आधी तिघे खोळंबले होते, आता टोळी खोळंबली.

"मामा, हेसुद्धा नुसते उभे आहेत."

"सामील झाले." मामांनी सुस्कारा सोडला. "सूत्रधार वर आहे. तो मुकादम. दुसऱ्यांना जुंपायचं आणि आपण वाट बघत बसायचं. असल्या ऐतखाऊ माणसाला मी वासावरून ओळखतो."

"कुणाला?" दारातून साहेबांनी विचारलं.

"धाग्याला, साहेब," भाची घाईने म्हणाली. साहेबांनी एकदा घड्याळाकडे, एकदा मामांच्या कंबरेकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

मामांचा चेहरा पडला. भिंग खिशात ठेवून ते हळूच म्हणाले, "चिकटपट्टी लावायला अवघड असते का गं?" घरात मामींपुढे मान खाली घालणारा हा माणूस फक्त या खुर्चीत ताठ बसायचा.

"राहिला तिसरा, लिहिणारा," ती म्हणाली. "तो साठ्याच्या दाराशी अडकलाय. आत साठ्याच्या यादीतली एक ओळ कुणीतरी उघडून धरून बसलंय, ती सुटेपर्यंत याला लिहिता येत नाही. कोण, तेवढं कळायला हवं."

तेवढ्यात गोदाम सांभाळणाऱ्या बाई आल्या. चष्मा कपाळावर, चेहरा अवघडलेला.

"एक विचारू? सकाळी मी साठ्यात इन्सुलिनच्या बाटल्यांचा आकडा सुधारत होते. तेव्हापासून पडद्यावर चौकट आलीय, 'बदल जतन करायचे का?' आता हो म्हणू का?"



"सकाळपासून म्हणाला का नाहीत?" मामांनी विचारलं.

"अहो, म्हणणारच होते. तेवढ्यात तुमचाच फोन आला. गुन्हा घडलाय, कुणीही कशालाही हात लावायचा नाही, बोट उचलाल तर पुरावा नष्ट होईल. मी तर चहाचा कपसुद्धा उचलला नाही."

भाची जिना उतरून बाईंच्या कॉम्प्युटरकडे धावली आणि तिने 'हो' दाबलं. लिहिणारा धागा सुटला, मधल्याचे हात रिकामे झाले, वाचणाऱ्याने पुढची ऑर्डर उचलली. मुकादमाने एकेकाला सोडलं आणि लोड संपला. जेवणाची घंटा व्हायच्या आत इन्सुलिनची गाडी फाटकाबाहेर पडली.

भाची वर आली तेव्हा मामा बाईंना समजावत होते, "गुन्हेगार शेवटी आपण होऊन शरण येतो. हेच माझं तंत्र."

"मी गुन्हेगार?"

"मनाला लावून घेऊ नका. पहिलाच गुन्हा आहे, मी माफ केला."

साहेब आले. त्यांनी मामांना टाळून भाचीला विचारलं, "खरं सांग. यात मामांनी नेमकं काय केलं?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. मामा छताकडे बघू लागले. भाचीला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि मामा एकच होते.

"साहेब, त्यांच्यामुळे सकाळपासून कुणाची काही हलवायची हिंमत झाली नाही," ती म्हणाली.

साहेब प्रभावित झाले. "असा वचक हवा," ते म्हणाले, आणि मामांच्या पाठीवर थाप मारून जेवायला गेले.