उत्तरार्धाची चोरी

"या शहरात गुन्हे इतके कमी का, याचा विचार केलायस कधी?" काकांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "कारण मी इथे राहतो."

काका म्हणजे लेखिकेच्या मावशीचे यजमान. आयुष्यभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर तपासले. निवृत्तीनंतरही दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय सुटेना, म्हणून डिटेक्टिव्ह झाले. नजर घारीची, कान सशाचे, नाक कुत्र्याचं, असं ते स्वतःचं वर्णन करत. या प्राणिसंग्रहालयात माणसाचं नेमकं काय होतं, ते मावशीलाही अजून कळलं नव्हतं.

लेखिका रडकुंडीला आली होती. ती उदयोन्मुख पटकथालेखिका होती, म्हणजे तिला सगळे सल्ला देत आणि काम कुणीच देत नसे. आता कुठे एका निर्मात्याने तिची पटकथा मागून घेतली होती. आज त्याने बोलावून पाठ थोपटली. "पूर्वार्ध फक्कड. उत्तरार्ध जरा सैल आहे, तेवढा आवळून आणा, मग करार करू," असं म्हणत त्याने प्रत परत दिली. पटकथा जाडजूड, म्हणून तिने ती दोन भागांत बांधली होती. बाहेर येऊन पिशवी उघडली, तर आत नुसता पूर्वार्ध.

"कॉम्प्युटरवर आहे हो सगळं," ती म्हणाली, "पण माझा शेवट त्यांनी ठेवून घेतलाय, काका. दुसऱ्या कुणाच्या नावावर सिनेमा काढतील! आणि हे फिसकटलं तर बाबा मला आत्याच्या ऑफिसात चिकटवणार आहेत."

"मी असताना?" काकांनी गॉगल चढवला.

दुसऱ्या दिवशी निर्मात्याच्या ऑफिसच्या काचेच्या दारावर कपाळ आपटून काकांनी तपासाला सुरुवात केली. "दार बंद होतं," असा पहिला निष्कर्षही निघाला.

"उत्तरार्ध?" निर्माता म्हणाला. "वाचला ना! रात्रभर जागून वाचला. ती शेवटची पावसातली मारामारी तेवढी काढा. पाऊस परवडत नाही हो."

लेखिकेच्या गोष्टीत दोन अबोला धरलेल्या बहिणी आईचं शिवणाचं दुकान विकायला एकत्र येतात. त्यात पाऊस नव्हता, आणि मारामारीही नव्हती.

"मला तो फ्लॅशबॅक लांबलेला वाटला," शेजारी बसलेला दिग्दर्शक डोळे मिटून म्हणाला. फ्लॅशबॅकही नव्हता.

"पण मी मरतो तो सीन!" सोफ्यावरच्या हिरोने छातीवर हात ठेवला. "आमच्या मातोश्री ढसाढसा रडल्या." गोष्टीत पुरुष एकच होता, आणि तो कुरिअर देऊन धडधाकट निघून जात होता.

जिन्यात काकांनी तिला कोपऱ्यात घेतलं. "तिघांनीही वाचलाय. म्हणजे तिघेही कटात आहेत. आणि तिघेही वेगवेगळं बोलतायत, म्हणजे कट फार खोल आहे."

"काका, त्यांनी वाचलाच नसेल तर?"

"छे! वाचल्याशिवाय कुणी मत देतं का? बाकी उत्तरार्ध सैल आहे, हे माझंही मत आहे हं."

"तुम्ही कधी वाचलात?"

"मला वाचायची गरज काय?"

घरी पोचेपर्यंत काकांनी ऑफिसातला शिपाई, तिची जिवलग मैत्रीण आणि एक परदेशी टोळी इतक्यांवर आळ घेऊन झाला होता. दार उघडलं तर मावशी नाकावर चष्मा ठेवून वाचत बसलेली, आणि हातात तोच उत्तरार्ध.

"हे तुझं का गं?" मावशी म्हणाली. "त्या निर्मात्याला पटकथा द्यायला इथून जेवून घाईघाईत निघालीस ना, त्या दिवसापासून टेबलावरच पडलंय. मला वाटलं ह्यांचेच तपासाचे कागद, म्हणून आज रद्दीत टाकायला घेतले." तिने पदराने डोळे टिपले. "मधूनच सुरू केलं, पण सोडवेना. पहिला भाग कुठाय? आणि एक सांगू? धाकटी इतक्या पटकन कशी गं माफ करते? मी असते तर चांगली आठवडाभर तोंड फिरवून बसले असते."

लेखिका मावशीच्या शेजारी जाऊन बसली. इतके दिवस इतक्या लोकांनी इतकं ऐकवलं होतं, पण तिचं लिहिलेलं वाचून विचारलेला हा पहिलाच प्रश्न. तिला रडू आलं. वर मावशीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, कारण तो प्रसंग तिने लवकर संपवायचा म्हणून उरकला होता.

"पाहिलंस?" काका गॉगल पुसत म्हणाले. "चोर घरचाच निघणार, हे मी पहिल्यापासून ओळखून होतो."

लेखिकेने धाकटीला मनसोक्त रुसू दिलं. त्यामुळे उत्तरार्ध चांगलाच लांबला. तो तिने निर्मात्याकडे पोचवला, आयुष्यात पहिल्यांदाच.

दोन दिवसांनी फोन आला. "याला म्हणतात मेहनत! पहिल्यापेक्षा किती छोटा, किती घट्ट झालाय! पाऊसही काढलात. या उद्या, सही करून टाकू."

"तुमच्या सूचना नसत्या तर जमलंच नसतं, सर," लेखिका म्हणाली. हे ती इतकं गहिवरून म्हणाली की या धंद्यात आपलं आता उत्तम चालणार, अशी तिची खात्रीच पटली.

मग पूर्वार्ध काखेत मारून ती मावशीकडे निघाली, खरं काय ते ऐकायला.