गाडीला सगळं आठवतं

आमच्या शेजारचे यशवंतनाना कुणाच्याही गाडीत बसण्याआधी बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "काय गं, काल कुठं हुतीस?" मग डोळे मिटून असे उभे राहतात, की गाडी खरंच हळू आवाजात काही सांगते आहे असं वाटावं.

पुण्यात एका वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून नाना भोरला परतले. आता अपघात झाला, की पोलीस आणि विमावाले त्यांना बोलावतात. नव्या गाडीत एअरबॅगपाशी एक डबी असते. धडकेआधीच्या काही सेकंदांत वेग किती होता, ब्रेक दाबला का, हे ती जपून ठेवते. गाणी लावायचा पडदा तर कुठे थांबलात, दार कधी उघडलं तेही ठेवतो. नाना त्याला वायर जोडतात आणि लॅपटॉपवर वाचतात, पोथी वाचावी तसे, पुटपुटत.

एकदा सहज म्हणून त्यांनी माझी गाडी वाचली. समोर आमची ही उभी. "मास्तर, कापूरहोळला बावीस मिनिटं उभी हुती. दोन मिसळी झाल्या असत्याल." मला डायबेटिस आहे. त्यानंतर आठवडाभर मी दुधीची भाजी खाल्ली.

गेल्या आश्विनात वेल्ह्याकडच्या घाटात एका तरुणाची गाडी दरीत गेली. तो गेला. बैल विकून गाडी घेण्यावरून बापाशी भांडून तीन वर्षांपूर्वी घराबाहेर पडलेला. गावात कुजबुज सुरू झाली, की त्यानं मुद्दामच गाडी घातली. नानांनी डबी आणि पडदा वाचून अहवाल पोलिसांना दिला. काम संपलं होतं. पण दोन दिवसांनी म्हणाले, "मास्तर, गाडी काढा. त्याच्या बापाकडं जाऊन यू."

दरीतून धुकं वर येत होतं. निसवलेल्या भाताचा गोड वास काचेतून आत येत होता आणि रस्ता आपोआप मागे सरकत होता.

मुलाचे वडील, सोनबा, ओट्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सायेब, त्यानं जीव दिला का वो?"

"न्हाई," नाना म्हणाले. "पोरानं ब्रेक पार तळापातुर दाबलाय. चाक डोंगराकडं वळवलंय. लई झटला त्यो जगायला."

सोनबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. नाना घुटमळले. मग म्हणाले, "आणिक एक हाय. पोलिसांच्या ते कामाचं न्हाई. त्या सकाळी गाडी हितं, तुमच्या आंब्याखाली उभी हुती. अकरा मिनिटं. दार उघाडलं न्हाई."

सोनबा आंब्याकडे बघत राहिले. खाली गवत हलत होतं.

"म्हंजी आलावता."

"आलावता."

"मी आतच हुतो वो. च्या पीत."

नाना त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. धुकं आंब्याच्या शेंड्यापर्यंत चढलं, तरी आम्ही तिघं तसेच बसून होतो.

परतताना भोर जवळ आलं तसे नाना म्हणाले, "उत्रोलीला घ्या."

मी चमकलो. उत्रोलीत त्यांची मुलगी शोभा राहते. तिनं स्वतःच्या मनानं बौद्धवाड्यातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणी नानांसमोर तिचं नाव काढत नाही. नानांनीही कधी काढलं नव्हतं. पण "डावीकडं," "आता उजवीकडं," असं ते न अडखळता सांगत गेले. शेवटच्या वळणावर मला कळलं, हा माणूस इथे पुष्कळदा येऊन गेलेला आहे.

अंगणात शोभा तांदूळ पाखडत होती. गाडी पाहून तिचा सूप धरलेला हात थांबला.

मी इंजिन चालूच ठेवलं. नानांनी एकदा सदरा सारखा केला, दार उघडलं आणि एक पाय खाली टेकवून म्हणाले,

"बंद करा मास्तर. येळ लागंल."