देवरावभाऊंचा गुलाबी दुपट्टा

उन्हाळ्यात दुपट्टा न बांधता घराबाहेर पडणारा माणूस नागपुरात सापडणं कठीण. पण ऐन डिसेंबरात, काचा लावलेल्या गाडीत, डोक्याला भडक गुलाबी, टिकल्यांचा दुपट्टा गुंडाळून बसणारे एकटे आमचे देवरावभाऊच. हुडकेश्वरला माझ्या शेजारीच राहतात. सिग्नलला लोक खिदळतात, फोटो काढतात. भाऊ उलट खुशीत हात हलवतात.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे गाडीच्या काचा. काळी फिल्म दिसली की भाऊंचं डोकं तापलंच. गाडी कुणाचीही असो, जाऊन टकटक करणार. "अंदर कोण हाये गा? समोर-मांगं सत्तर टक्के, बाजूले पन्नास! येवढा उजेड अंदर गेलाच पाह्यजे. फिल्म चिपकवाचीच नाही. कायदा हाये!" एकदा काच खाली झाली, तर आत त्यांचे स्वतःचे व्याही.

पुतणीच्या लग्नात तर कहर केला. वरात दारात आली आणि नवरदेवाच्या गाडीला काळी फिल्म! भाऊंनी नवरीच्या खोलीतून, तिचे केस अर्धे ओले असताना, ड्रायर पळवला आणि गरम हवेनं फिल्म सोलायला घेतली. बँडवाले वाजवून वाजवून थकले. मुहूर्त टळायची वेळ आली. भाऊ आपले विचारताहेत, "काहून लपून राह्यले जावईबापू? पाहू द्या ना लोकायले!"

असा माणूस हे गुलाबी सोंग का करतो, ते कळेना. परवा ते फाटकाशी गाडी पुसत होते, तेव्हा विचारलंच.

"तुह्या वहिनीचं केमो चालू हाये ना. केस गेले सारे. रामदासपेठेत दवाखान्यात जाचं म्हटलं का रडे. थंडीत दुपट्टा बांधला त लोक अजूनच टकमक पाह्यतेत. म्हणे, मी येतच नाही."

"मग भाऊ, तेवढ्यापुरती फिल्म लावायची! कोण काय म्हणणार होतं?"

"वा गा! जावयाची सोलली न् आपली लावू?" ते काच पुसतच राहिले. "हा तिचाच दुपट्टा हाये. आता सारे मले पाह्यतेत. तिच्याकडं कोनाचं ध्यानच जात नाही. मंग तेही हासते, न् बसते गाडीत."

त्या गाडीला मी कितीदा हसत हात केला होता. बाजूच्या सीटवर वहिनी असायच्या, हे मला एकदाही दिसलं नव्हतं.